वहीत न उतरलेले सामने

एक वही घ्या. शाळेची दोनशेपानी एकरेघी असली तरी चालेल. दोन पेन्सिली घ्या, टोक काढून. आपण निघालोय तिथल्या गर्दीत एक नक्की हरवेल. पहिल्या पानावर पाच रकाने आखा: वेळ, चेंडू कुणाकडे, हल्ला कुठल्या बाजूने, शेवट कशात झाला, शेरा. आज खेळाच्या अभ्यासासाठी मैदानाभोवती कॅमेरे असतात, खेळाडूंच्या पाठीवर जीपीएस असतं, संगणकावर रंगीत नकाशे उमटतात. पण या सगळ्याच्या मुळाशी हेच पान आहे. कुणीतरी बसायचं, बघायचं आणि लिहून ठेवायचं.

आता मान वर करा.

लिव्हरपूल. १९२० च्या नाताळातला बॉक्सिंग डे. गुडिसन पार्कच्या फाटकातून तुम्ही कसेबसे आत शिरलाय. ओलसर लोकरीचा आणि पाइपच्या तंबाखूचा वास नाकात बसलाय. शेजारी गोदीतले कामगार आहेत, डोक्याला शाल गुंडाळलेल्या बायका आहेत, आणि कुबडीवर भार टाकून उभा असलेला एक तरुण आहे. महायुद्ध संपून दोनच वर्षं झालीत. आजच्या तिकिटांचे पैसे त्याच्यासारख्यांसाठीच जाणार आहेत; हिशेब होईल तेव्हा रक्कम तीन हजार पौंडांच्या वर भरेल. आत ५३,००० माणसं आहेत. फाटकं लागल्यावर बाहेर राहिलेली दहा हजारांहून जास्त.

मैदानावर येतायत त्या प्रेस्टनच्या कारखान्यातल्या मुली. काळे-पांढरे पट्टे, केस झाकणाऱ्या टोप्या, गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या. संघाचं नाव डिक, कर लेडीज, कारखान्याचंच नाव. युद्धात तिथे दारूगोळा बनायचा, जेवणाच्या सुट्टीत अंगणात चेंडू खेळला जायचा, आणि १९१७ च्या नाताळात त्यातून संघ उभा राहिला. समोर सेंट हेलेन्सच्या मुली. डाव्या बगलेतल्या त्या उंच मुलीकडे नीट बघून ठेवा. लिली पार. वय १५.

पेन्सिल सरसावा. चेंडू चामड्याचा, वर लेस बांधलेली, पाणी प्यायला की दगडासारखा जड. डोक्याने मारताना लेस कपाळावर बसली तर वळ उठतो. रचना त्या काळची सर्वमान्य: मागे दोघी, मध्ये तिघी, पुढे पाच. ऑफसाइडचा नियम अजून जुनाच आहे. पुढे असलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू हवेत. दोनावर तो यायला अजून पाच वर्षं आहेत. मधून घुसणं त्यामुळे कठीण. चेंडू बगलेत टाकायचा, बगलेतलीने कोपऱ्यापर्यंत न्यायचा आणि तिथून आत वळवायचा, हाच राजमार्ग.

पण आज डिक, करची एक पंचाईत झालीय. मधली मुख्य आघाडीवीर फ्लॉरी रेडफर्डची गाडी चुकलीय. तिच्या जागी जेनी हॅरिस खेळतेय. जेनी जेमतेम पाच फुटांचीही नाही, सेंट हेलेन्सच्या बचावातल्या मुलींमध्ये दिसेनाशी होते, पण गोल करते तीच. मध्यंतराला १–०.

आणि आता जे होतंय, त्यासाठी तुम्हाला मुद्दाम इथवर आणलं. मध्यंतरानंतर संघ परत येतो तेव्हा कर्णधार ॲलिस केल आपल्या जागेवर नाही. ती उजव्या बाजूची बचावपटू, मागच्या दोघींपैकी एक. आता ती सगळ्यांच्या पुढे, मधोमध उभी आहे. बदली खेळाडू आणायची सोय त्या काळात नाही. जे अकरा आहेत त्यांनाच हलवायचं, एवढंच कर्णधाराच्या हातात असतं. ॲलिसने स्वतःलाच हलवलंय. एक गोल, मग दुसरा, मग तिसरा, तिन्ही तिचे. सामना ४–० संपतो.

पानावर बाण काढा: मागून पुढे. मग शेऱ्याच्या रकान्यात प्रश्न लिहा. तिच्या मागच्या जागी कोण गेली? मधली फळी खाली सरकली का? सेंट हेलेन्सच्या बचावाने जेनीसाठी केलेली आखणी ॲलिसच्या अंगकाठीपुढे कोलमडली, की त्या दमल्या होत्या? नेमकं बघावं म्हणून तुम्ही टाचा उंचावता आणि समोरचे शंभर पुरुष हॅट उडवत उभे राहतात. रकाना कोरा राहतो. ५३,००० माणसांनी तो बदल पाहिला. त्यातला एकही माणूस असा नव्हता की ज्याचं काम हा बदल बारकाव्यांनिशी लिहून ठेवणं होतं.

मला ही गोष्ट त्या गर्दीच्या आकड्याहून मोठी वाटते. गर्दीचा आकडा सगळे सांगतात. ॲलिस केलने डोकं चालवून जिंकलेला तो सामना होता, हे फार कमी जण सांगतात.

पान उलटा.

५ डिसेंबर १९२१, लंडन. गुडिसन पार्कच्या त्या सामन्याला वर्षही झालं नाही. इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन ठराव करते: हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये, आणि संलग्न क्लबांनी स्त्रियांच्या सामन्यांना आपली मैदानं देऊ नयेत. जमलेल्या पैशांच्या हिशेबावरही ठरावात बोट ठेवलंय. डॉक्टरांची मतंही हवेत आहेत. हार्ली स्ट्रीटवरच्या मेरी शार्लीब यांच्यासारख्या नामवंत स्त्री-डॉक्टरांनीच सांगितलंय की हा खेळ स्त्रीच्या शरीराला झेपणारा नाही. ठराव पुन्हा वाचा. धावण्याचा, नाडीचा, दुखापतींचा एकही आकडा त्यात नाही. ज्या शरीराबद्दल निकाल लागला, ते कुणी मोजलेलं नव्हतं.

खेळ थांबला नाही. तो बागांमध्ये आणि माळावर गेला, जिथे सज्जे नाहीत आणि मैदानाकडे बघत बसणारा वार्ताहर नाही. बंदी जवळपास ५० वर्षं टिकली.

त्या ५० वर्षांतली एकच दुपार बघून घेऊ. १८ मार्च १९५०, स्विंडन. पुरुषांचा सामना, स्विंडन टाउन विरुद्ध ब्रिस्टल रोव्हर्स. प्रेक्षकांत हवाई दलातला एक हिशेबनीस बसलाय, चार्ल्स रीप. मध्यंतर संपता संपता तो खिशातून वही आणि पेन्सिल काढतो आणि उरलेल्या खेळातला प्रत्येक हल्ला खुणांनी टिपू लागतो. पुढे तो दोन हजारांहून जास्त सामने असे टिपेल. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांत होतात, असं तो मांडेल. त्याच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले, आणि माझ्या मते त्याने आकड्यांतून चुकीचा धडा घेतला. पण वाद घालायला आकडे होते, हे महत्त्वाचं. त्याच वर्षी पंचेचाळिशीतली लिली पार अजून खेळतेय. तिच्या गोलांची संख्या कुणी ९०० सांगतं, कुणी त्याहून जास्त. तिच्या सामन्यांना रीप लाभला नाही.

पुढचं पान रंगीत आहे. ५ सप्टेंबर १९७१, मेक्सिको सिटी, अझ्टेका स्टेडियम. गोलखांबांना गुलाबी-पांढरे पट्टे मारलेत, लाखभराहून जास्त माणसं घसा फोडून ओरडतायत, आणि फिफाच्या लेखी स्त्रियांच्या विश्वचषकाची ही स्पर्धा नाहीच. डेन्मार्क मेक्सिकोला ३–० हरवतं. तिन्ही गोल सुसान ऑगस्टेसनचे. वय १५, गुडिसनवरच्या लिलीइतकंच. या स्पर्धेचं चित्रण जगाने पुन्हा नीट पाहिलं ते २०२३ च्या ‘कोपा ७१’ या माहितीपटात. कुठल्या बगलेतून किती हल्ले झाले, हे त्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या वेळी कुणी मोजलं असतं तर आज प्रशिक्षकांच्या तीन पिढ्या तेवढ्या पुढे असत्या, असं मला मनापासून वाटतं.

आता एका अंधाऱ्या खोलीत बसल्याची कल्पना करा. खुर्ची, पडदा, हातात गुण द्यायचा कागद. हा झुरिच विद्यापीठातल्या संशोधकांचा प्रयोग आहे, २०२३ साली प्रसिद्ध झालेला, आणि तुम्ही त्यातल्या ६१३ प्रेक्षकांपैकी एक. पडद्यावर अव्वल दर्जाच्या फुटबॉलमधले गोल दिसतायत. काही पुरुषांचे, काही स्त्रियांचे. तुम्ही प्रत्येकाला गुण देता. निम्म्या प्रेक्षकांना खेळाडू स्पष्ट दिसतात, आणि ते पुरुषांच्या गोलांना जास्त गुण देतात. उरलेल्यांना खेळाडू धूसर दिसतात, नुसत्या आकृत्या. चेंडू, पास, वळण, फटका एवढंच कळतं. त्यांच्या गुणांमध्ये फरक उरत नाही.

जरा वेळ त्या खोलीत बसून राहा. तुमच्या कागदावर तुम्ही काय लिहिलंत, ते दुसऱ्या कुणाला दाखवायची गरज नाही.

ल्यों, ७ जुलै २०१९. स्त्रियांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, अमेरिका विरुद्ध नेदरलँड्स. आता तुमची वही मांडीवर नुसती पडून आहे, कारण स्टेडियममधले कॅमेरे प्रत्येक खेळाडूचं प्रत्येक पाऊल टिपतायत. साधारण दहा किलोमीटर धाव एकेकीची. पण धाव मोजायला वेगाचे टप्पे लागतात: इथपर्यंत चालणं, इथपर्यंत पळणं, यापुढे ‘स्प्रिंट’. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये ती रेघ ताशी २५ किलोमीटरच्या आसपास ओढलेली असते. तीच रेघ बायकांच्या सामन्याला लावली की काय होतं, बघा. एखादी बचावपटू पुढे निसटलेल्या आघाडीवीराला गाठायला जिवाच्या आकांताने पळते, वेग २४ भरतो, आणि यंत्र ते ‘स्प्रिंट’मध्ये धरतच नाही. तिच्या शरीराने पूर्ण ताकद लावली, पण तक्त्यात ती निवांत. दुसऱ्या दिवशी त्या तक्त्यावरून तिचा सराव ठरवला तर तिला विश्रांतीऐवजी कष्टच मिळतील. म्हणून फिफाच्या २०१९ च्या अहवालात टप्पे वेगळे आखले गेले. १९ च्या वर जोराची धाव, २३ च्या वर स्प्रिंट. पट्टी बदलल्यावर कळलं की २०१५ च्या विश्वचषकापेक्षा खेळातल्या जोराच्या धावा स्पष्टपणे वाढल्यात.

अमेरिकेच्या संघाने या स्पर्धेत आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक खेळाडूच्या पाळीच्या चक्राची नोंद ठेवून झोप, आहार आणि थकवा त्यानुसार सांभाळला. पुढे इंग्लंडच्या चेल्सी क्लबात प्रशिक्षक एमा हेस यांनी सरावाची आखणीच चक्राला धरून करायला सुरुवात केली. घरात ज्याबद्दल कुजबुजून बोललं जातं, ते प्रशिक्षकांच्या तक्त्यात आलं. माझ्या मते हे कुठल्याही नव्या व्यूहरचनेइतकंच मोठं पाऊल आहे.

पुढच्या पानासाठी मन घट्ट करा. कुठलंही मैदान, कुठलीही संध्याकाळ. चेंडू समोरच्या संघाकडे आहे आणि तुमच्या जवळची खेळाडू त्यावर दाब टाकायला धावतेय. आजकालच्या डावपेचात हे सगळ्यांना करावं लागतं, आघाडीवीरालासुद्धा. समोरची एकदम वळते. हीही थांबते, पाय रोवते, बूट गवतात घट्ट बसतो, मांडी आतल्या बाजूला वळते, गुडघा आत झुकतो. कुणाचा धक्का नाही. गुडघ्याच्या आतला एक अस्थिबंध तुटतो, ज्याला सगळे एसीएल म्हणतात. ती खाली बसते आणि गुडघा दोन्ही हातांनी धरते. नऊ महिने गेले, कधी वर्ष. स्त्रियांमध्ये ही दुखापत पुरुषांच्या दोन-तीन पट होते. २०२२-२३ च्या एका हंगामात आर्सेनलच्या चार जणी अशा गेल्या: बेथ मीड, विवियान मीडेमा, लीआ विल्यमसन, लाउरा वीनरॉयटर. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात बार्सिलोनाची अलेक्सिया पुतेयास.

का? कंबरेच्या हाडाची रुंदी, संप्रेरकं, मुलींना लहानपणी उडी मारून नीट उतरायला न शिकवणं, उशिरा मिळालेल्या व्यायामशाळा, खराब मैदानं, आणि बूट. होय, बूट. युरोपातल्या १६ क्लबांच्या ३५० खेळाडूंना विचारलं तेव्हा ८२ टक्के जणींनी सांगितलं की बूट त्रास देतात. बहुतेक बूट पुरुषाच्या पायाच्या साच्यावर घडतात आणि मग आकाराने लहान केले जातात. टाच सैल, चवडा आवळलेला. त्याच पायावर पूर्ण वेगात वळायचं असतं. आणि या कारणांपैकी कुठलं किती जबाबदार, हे ठरवायला लागणारा अभ्यास कुठे आहे? २०१४ ते २०२० मधले खेळ आणि व्यायामशास्त्राचे ५,२६१ शोधनिबंध तपासले गेले, तेव्हा फक्त स्त्रियांवर केलेले निबंध ६ टक्के निघाले.

तरीही, शोधलं की सापडतं. नॉर्वेतल्या एका गावातल्या मैदानावर क्षणभर थांबा, साल २००७. तेरा ते सतरा वर्षांच्या मुली खेळाआधी वीस मिनिटं अंग मोकळं करतायत: धावणं, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उतरणं. प्रशिक्षक एकीला थांबवतो, तिच्या गुडघ्याकडे बोट दाखवतो, ती पुन्हा उडी मारते. वेगवेगळ्या क्लबांतल्या १,८९२ मुलींवर हा प्रयोग झाला आणि ज्या गटाने हा सराव केला त्यांच्या दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या, गंभीर दुखापती जवळपास निम्म्या. आज तो ‘फिफा ११+’ नावाने फुकट मिळतो. लागतं काय, तर मैदान, वीस मिनिटं आणि गुडघ्याकडे बघणारी नजर. आपल्याकडच्या प्रत्येक शाळेच्या क्रीडाशिक्षकाला तो पाठ हवा, असं मी आग्रहाने म्हणेन. आकड्यांचंही तेच. २०१८ पासून ‘स्टॅट्सबॉम्ब’ या कंपनीने स्त्रियांच्या लीगची घटना-घटनांची नोंद सगळ्यांसाठी खुली केली. अकोल्यात किंवा मडगावात खोलीत बसलेली मुलगी आज तो पास, तो फटका उघडून बघू शकते.

आता घराजवळ या. नवी मुंबई, नेरुळ, डी. वाय. पाटील स्टेडियम, ६ फेब्रुवारी २०२२. आशियाई चषकाचा अंतिम सामना. पुन्हा वही उघडा, इथे ती कामाला येईल. दक्षिण कोरिया मध्यंतराला २–० पुढे. चे यू-रीचा एक, जी सो-युनची पेनल्टी. चीनच्या बाकावर प्रशिक्षक शुई चिंगशिया, स्वतः एकेकाळच्या खेळाडू. गुडिसनवर ॲलिस केलकडे नसलेली सोय यांच्याकडे आहे: बदली खेळाडू. ६८ व्या मिनिटाला तांग जियालीची पेनल्टी आत. चारच मिनिटांनी झांग लिनयान, उंचीने जेमतेम पाच फूट, डोक्याने चेंडू जाळ्यात टाकते. तुम्हाला जेनी हॅरिस आठवली तर नवल नाही. २–२. जादा मिनिटं चालू आहेत. वांग शानशान, एरवी गोल करणारी आणि गरज पडली की बचावातही उभी राहणारी, बचाव फाडणारा एक पास पुढे सोडते. बदली आलेली शियाओ युयी तो घेते आणि गोलरक्षकाला चकवते. ३–२. चीनचं नववं विजेतेपद. या वेळी प्रत्येक बदल, प्रत्येक मिनिट, प्रत्येक नाव नोंदलं गेलंय. वहीत तुम्ही लिहिलेलं उद्या कुणीही तपासून बघेल.

वही मिटू नका. थोडं मागे जा, दोन-अडीच आठवडे. हेच स्टेडियम, २० जानेवारी, दिव्यांच्या उजेडातला सामना. निळ्या जर्सीतल्या आपल्या मुली, समोर पहिल्यांदाच या स्पर्धेत आलेला इराण. आशालता देवी बचाव हाकतेय, मनीषा कल्याण चेंडू पायाशी घेऊन माणसांतून वाट काढतेय. १९८० आणि १९८३ साली भारत याच स्पर्धेत उपविजेता होता. तेव्हापासूनची भूक या संघाच्या पाठीशी आहे. भारत दाब ठेवतो, संधी येतात, इराणची गोलरक्षक झोहरे कूदाई अडवते. ०–०. ठीक आहे, अजून दोन सामने आहेत.

तीन दिवसांनी चायनीज तैपेईविरुद्ध उभं राहायला भारताकडे पुरेशा निरोगी खेळाडू नाहीत. कोविड संघात शिरलाय. भारत स्पर्धेबाहेर होतो आणि नियमाप्रमाणे त्याचे सगळे सामने रद्दबातल ठरतात. इराणविरुद्धचासुद्धा. तक्त्यात भारताच्या नावापुढे खेळलेला सामना उरत नाही.

पण तुम्ही तिथे होतात. तुमच्या वहीत ते पान आहे. वर लिहा: भारत ०, इराण ०, नवी मुंबई, २० जानेवारी २०२२. पेन्सिलीला टोक काढा, पहिली हरवली असेल तर खिशातली दुसरी घ्या. आता सुरुवातीपासून एकेक हल्ला मोजत या. मनीषाने चेंडू कुठे घेतला, किती जणींना चकवलं, मधली फळी तिच्यामागे किती वर सरकली, तिच्या जागी कोण आली. पहिल्या रकान्यात वेळ लिहा.